पेटिग्रू घराण्याचा रंग

पेटिग्रू घराण्यात पुरुष जन्माला येतात त्याच रंगाचे राहतात आणि बायका दरसाल उजळत जातात, हे अटलांटातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त त्याबद्दल बोलायचं नसतं. 'पेटिग्रू घराणं' ही आपली, म्हणजे आपल्या काळ्या लोकांची, टीव्ही मालिका. आपल्या माणसांनी लिहिलेली, आपल्याच माणसांनी काढलेली. दर गुरुवारी संध्याकाळी आपली अर्धी वस्ती जेवणाचं ताट मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसायची. मग आपल्याच मालिकेला नावं कशी ठेवायची?

मालिकेतला बाप, रेव्हरंड पेटिग्रू, चांगला काळाकुळकुळीत होता. त्याला कुणाची हरकत नव्हती. काळा बाप म्हणजे भारदस्तपणा; त्याच्या चेहऱ्यासाठी दोन जादा दिवे मागवले जात आणि ते आले की सगळे म्हणत, काय तेज आहे बुवा. थोरला मुलगाही तसाच. तो तुरुंगात जाऊन आलेला होता, तेव्हा त्याला तो रंग शोभतो असं लेखकमंडळींचं मत. मुलींचं मात्र निराळं होतं. धाकटी पहिल्या दोन हंगामांत बापाच्या वळणाची होती. मग ती उन्हाळ्याच्या सुट्टीत डेट्रॉइटला मावशीकडे गेली आणि तिसऱ्या हंगामात परतली ती दुधाळ चहाच्या रंगाची होऊन, येताना नाकही दुसरंच घेऊन. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. आईने तिला दारातच मिठी मारली आणि म्हणाली, "किती वाढलीस गं!"

हे वाक्य न हसता म्हणून दाखवणारी आई म्हणजे व्हर्डेल गेदर.

व्हर्डेल स्वतः रेव्हरंडच्याच रंगाची. तरी तिला ठेवली होती, कारण ती आई होती. आई मक्याचा पाव भाजते, प्रार्थना करते, वाया गेलेल्या पोराच्या थोबाडीत मारते. आईच्या प्रेमात कुणी पडत नाही, म्हणून आई काळी चालते. सहा हंगामांत रेव्हरंडने तिला एकदाच जवळ घेतलं होतं, तेही ती इस्पितळात बेशुद्ध पडलेली असताना, आणि कपाळावर.

पण आईलाही थोडी 'ऊब' द्यावी लागायचीच. हा मालिकेतला खास शब्द. काळेपणा कमी करा असं कुणी म्हणत नसे; आपलीच माणसं, तोंडातून जाईल कसं? वरून निरोप यायचा, "यंदा मिस व्हर्डेलना जराशी ऊब द्या." मग रंगभूषेची अर्लीन, जी सहा वर्षं तिच्या तोंडावर हात फिरवत होती, गेल्या वर्षीपेक्षा एक छटा फिकी पावडर काढायची. दोघी आरशात एकमेकींकडे बघायच्या आणि मूग गिळून बसायच्या. व्हर्डेलच्या डोक्यावर घराचे हप्ते होते आणि मुलीच्या नाट्यशाळेचं शुल्क होतं. तोंड धुतलं की जातं, असं ती स्वतःला सांगायची.

सातव्या हंगामात निर्माते थॅडियस ब्रूकिन्स यांना साक्षात्कार झाला. आईची तरुणपणीची कहाणी दाखवायची! अलाबामातलं खेडं, चर्चमधली गाणारी पोर, तिच्यावर जीव टाकणारा तरुण रेव्हरंड. म्हणजे या वेळी आईला ओठांवर चुंबन मिळणार होतं. इथेच खरी गोम होती, पण ती व्हर्डेलच्या ध्यानात आली नाही. ध्यानात आलं ते एवढंच, की तिची वीस वर्षांची डेल्फीन नाट्यशाळेतून नुकतीच बाहेर पडली होती, आणि मायलेकी शेजारी उभ्या राहिल्या की चर्चमधल्या बायका म्हणायच्या, तुला बाळंत व्हायची गरजच नव्हती व्हर्डेल, नुसता छाप मारला असतास तरी चाललं असतं.

ब्रूकिन्सनीच विषय काढला. "मिस व्हर्डेल, तुमची पोरगी करते ना हो अभिनय? मग आम्ही कशाला गावभर शोधत बसू? पाठवा की तिला."

ब्रूकिन्स स्वतः व्हर्डेलहून काळे. त्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवायला व्हर्डेलला काही अडचण वाटली नाही.

डेल्फीन चाचणी देऊन आली आणि आठवड्याने वाटाण्याच्या अक्षता आल्या. फोन ब्रूकिन्सचाच.

"पोरीत गुण आहेत हो. फार गुण आहेत. पण काय आहे, मिस व्हर्डेल... तिच्यात तुमची झाक नाही."

व्हर्डेलला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुणाची झाक?"

"तुमची. प्रेक्षकाला पटायला हवं ना, की ही मुलगी मोठी होऊन तुम्ही होणार."

"अहो, ती माझ्या पोटची आहे!"

"ते आहेच. पण पडद्यावर ते दिसत नाही."

नऊ महिने पोटात वागवलेल्या मुलीत आपली झाक नाही, हे एका परक्या पुरुषाकडून ऐकून घेण्याचा प्रसंग सगळ्याच आयांवर येत नाही. व्हर्डेल तशीच पर्स उचलून कचेरीत गेली आणि चाचणीचं चित्रण दाखवा म्हणाली. ते दाखवायचा रिवाज नव्हता. पण ती अशी काही खुर्चीत बसली की तिथल्या मुलीने निमूट चित्रण लावलं.

पडद्यावर डेल्फीन आली. संवाद सुरेख म्हटले. मान वळवली ती थेट व्हर्डेलसारखी. पण व्हर्डेल बघत होती ते निराळंच. पोरीचा गळा होता तसा सावळागर्द आणि त्याच्यावर चेहरा मात्र बदामी. हनुवटीच्या खाली शिवण घातल्यासारखी रेघ दिसत होती. पोरीने तोंडाला ऊब देऊन घेतली होती.

आणि एवढं करूनही ती पुरेशी उजळ ठरली नव्हती.

घरी आल्यावर व्हर्डेलने स्वयंपाकघरातच विषयाला तोंड फोडलं. डेल्फीन कोलार्डची पालेभाजी निवडत होती.

"तोंडाला काय फासून गेली होतीस?"

डेल्फीनने मान वर केली नाही. "बघितलंस वाटतं."

"कुणी सांगितलं तुला हे करायला? नाट्यशाळेत शिकवतात हे?"

"नाही. तिथे श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात."

"मग?"

"ममा, पावडरची डबी तुझीच होती." पोरगी आता तिच्याकडे बघत होती. "तुझ्या पर्समधली. मी आठवीत होते ना, तेव्हापासून बघतेय. तू गुरुवारी टीव्हीवर एका रंगाची असतेस आणि शुक्रवारी नाश्त्याला दुसऱ्या. मला वाटलं, काम मिळवायची हीच रीत असेल. तुला तर मिळालंय."

व्हर्डेल स्टुलावर टेकली. रागवायचं कुणावर, हे तिला कळेना; जी सापडली ती स्वतःच होती. ती म्हणाली, "पुन्हा एकदा चाचणी दे. माझ्यासोबत. तोंड धुऊन."

"तोंड धुतल्यावर घेतील मला?"

"मी आहे ना."

हे तीन शब्द आई बोलते तेव्हा पोर खरे मानते. डेल्फीननेही मानले.

व्हर्डेलने ब्रूकिन्सना गळ घातली, आणि सहा हंगामांची आई मागते म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना. दुसऱ्या चाचणीला मायलेकी समोरासमोर उभ्या राहिल्या, दोघींची तोंडं धुतलेली. तरुण आईला म्हाताऱ्या आईची जागेपणीच्या स्वप्नात भेट होते, असा काहीतरी प्रसंग होता. लेखकांनी तो रडवण्यासाठीच लिहिलेला, आणि रडवलं त्याने. दिवे धरणारा गडी बाहीने नाक पुसत होता. ब्रूकिन्सनी उठून टाळ्या वाजवल्या. "जीव काढलात! दोघींनीही!" असं म्हणत त्यांनी डेल्फीनचे दोन्ही हात हातात घेतले.

आणि भूमिका सिएरा मॉन्क्रीफ नावाच्या मुलीला दिली.

सिएराला नावं ठेवायला जागा नव्हती. गुणी होती, व्हर्डेलला 'मॅम' म्हणायची, आणि दुधात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाची होती. अलाबामाच्या उन्हात कापूस वेचून ती कशी दिसली असती, असा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही. ब्रूकिन्सनी व्हर्डेलला बाजूला घेऊन समजूत घातली. "माझा आग्रह होता हो डेल्फीनसाठी. पण वरच्यांचं म्हणणं, प्रेमकथा आहे. लोकांना तिच्या प्रेमात पडता आलं पाहिजे. तुम्हाला काय वेगळं सांगायचं!" वेगळं सांगायचं नव्हतंच. हे वरचे कोण, ते मात्र सहा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. देवाचंही तसंच असतं, पण देव निदान सगळ्या छटा करतो.

पुढे ते म्हणाले, "आणि दोन चेहरे जुळायला हवेत, तेव्हा यंदा तुम्हाला जरा जास्त ऊब द्यावी लागेल."

त्या संध्याकाळी डेल्फीन एवढंच म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून धुतलं मी." पुढच्या आठवड्यात ती कसल्याशा जाहिरातीची चाचणी द्यायला निघाली तेव्हा न्हाणीघरातून बाहेर आलेला चेहरा आधीपेक्षाही फिका होता. नवी डबी तिने स्वतःच्या पैशांनी आणली होती. व्हर्डेल दार अडवून उभी राहिली.

"डेल्फीन, पुसून टाक ते."

"तू पुसलंस सहा वर्षांत?" पोरीने विचारलं आणि तिच्या काखेखालून निघून गेली.

बरोबर होतं तिचं. बोलून आता भागणार नव्हतं. शिकवलं होतं ते करून दाखवून शिकवलं होतं; मोडायचं तर तेही करूनच दाखवायला हवं होतं.

सातव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी अर्लीनने डबी उघडली आणि व्हर्डेलने ती मिटली. "आजपासून ऊब नको. मला उकडतंय."

"अगं, मला फाडून खातील ते," अर्लीन म्हणाली.

"सांग, बाई खुर्चीतून उठून गेली."

व्हर्डेल तशीच कॅमेऱ्यासमोर गेली. चित्रीकरण थांबलं. ब्रूकिन्स आले, हळू आवाजात बोलले, गोड बोलले, कराराबद्दल बोलले. वर फोन गेले, वरून फोन आले. तिसऱ्या दिवशी लेखकांच्या असं लक्षात आलं, की आई पेटिग्रूचं काळीज पहिल्यापासूनच नाजूक होतं. पहिल्याच भागात ती जाणार, आणि उरलेला हंगाम तिच्या आठवणींवर, म्हणजे सिएरावर चालणार. सहा वर्षं मालिका ओढणाऱ्या बाईला मारायला लेखकांना अर्धा दिवस पुरला. करारात एवढंच उरलं, की शवपेटीतला प्रसंग तिने करायचा.

"झालं समाधान?" डेल्फीन म्हणाली. "आता दोघी घरी बसू." ती मात्र घरी बसली नाही. एका एजन्सीत नाव नोंदवून गर्दीतली कामं करायला लागली. गर्दीला चेहरा लागत नाही, तरी ती डबी घेऊन जायची. आणि नशिबाची चेष्टा अशी, की एजन्सीने तिला पहिल्यांदा पाठवलं ते आई पेटिग्रूच्या दफनविधीला, चौथ्या बाकावर बसून रडायला.

दफनविधीसाठी अटलांटाच्याच वेस्ट एंड वस्तीतलं एक खरं चर्च घेतलं होतं आणि बाकांवर भरायला तिथल्याच बायका आणल्या होत्या. ब्रूकिन्सना हे स्वस्तात पडलं, पण चूक झाली. या बायकांनी उभा जन्म दफनविधी केलेले. मोठाल्या टोप्या घालून त्या सकाळीच येऊन बसल्या. नकली मढ्यासाठी कुणी त्यांना रडायला शिकवायची गरज नव्हती. दोघी तर प्रकाशयोजना चालू असतानाच रडत होत्या. पांढरे हातमोजे घातलेली चर्चची सेविका टिश्यूचा डबा घेऊन पेटीशेजारी उभी राहिली, तीही खरीच.

व्हर्डेल पेटीत आडवी झाली. अर्लीन डबी घेऊन वाकली. डबीवर चिठ्ठी होती: सिएराशी जुळवणे.

"मढ्यालाही?" व्हर्डेलने डोळे मिटूनच विचारलं.

अर्लीनने डबी खिशात टाकली. "नुसतं व्हॅसलीन लावते. बाकी देवाने केलंय ते माझ्या हातून सुधारणार नाही."

कॅमेरा सुरू झाला. रिवाजाप्रमाणे लोक ओळीने पेटीपाशी यायला लागले. जो तो वाकून बघतो आणि म्हणतो, काय सुंदर दिसतेय, झोपल्यासारखी. मेलेल्याबद्दल एवढं खोटं आपल्यात चालतं. पहिल्याच आल्या मदर ओडम, चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्या वाकल्या, थबकल्या, चष्मा वर केला.

"अगं बाई! ही तर आपल्यासारखी दिसते की! टीव्हीवर मला वाटायचं, कुणी दुसरीच आहे."

"कट!" झालं. मदर ओडमना समजावण्यात आलं, की आजी, बोलायचं नाही. पुन्हा सुरू. त्या गप्प राहिल्या, पण मागे वळून बाकीच्यांना खुणावलं, आणि बायका पेटीपाशी जरुरीपेक्षा जास्त रेंगाळायला लागल्या. मग डेल्फीनची पाळी आली. बदामी तोंडाची पोर वाकली आणि तिला आईचा चेहरा दिसला, उघडा, तेलकट, रोजच्या नाश्त्याच्या वेळचा.

"ममा," ती ओठ न हलवता म्हणाली, "काहीच नाही लावलंस?"

"मेलेय मी. पुढे सरक."

डेल्फीन सरकली नाही. ओळ तुंबली. तिकडे पडद्यासमोर ब्रूकिन्स अस्वस्थ झाले होते. याच चेहऱ्यावरून पुढच्या क्षणी सिएराच्या चेहऱ्यावर जायचं होतं, आणि दोन चेहऱ्यांमध्ये एका बाईचं आयुष्य नव्हे, दोन बायका दिसत होत्या. ते स्वतः पेटीपाशी आले.

"छान झालं सगळं. पण जरा जड वाटतंय. आपण झाकण बंद ठेवू."

चर्चमध्ये कुजबुज झाली. मदर ओडम काठी टेकत उठल्या. "झाकण? अरे पोरा, आपल्यात झाकण कधी बंद ठेवतात? माणूस जळून गेलं असेल, गोळ्यांनी तोंडाची चाळण झाली असेल तर. हिला तर काळजाचा झटका आला ना? मग हिच्या तोंडाला काय झालंय?"

ब्रूकिन्सना उत्तर ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं. ते घसा खाकरून म्हणाले, "तसं काही नाही, आजी. कॅमेऱ्याची गरज आहे."

"मग मी जाऊ घरी?" पेटीतून आवाज आला.

"नाही, नाही, मिस व्हर्डेल! तुम्ही आतच राहा. खांदेकऱ्यांच्या चेहऱ्यावर खरं ओझं दिसायला हवं. श्वासाला मागे भोकं पाडून ठेवलीत."

व्हर्डेलने डोळे उघडले. तोंड नको होतं, वजन हवं होतं. ती उठून बसली. मागच्या बाकावरची एक टोपी किंचाळली. व्हर्डेलने मखमलीवर हात टेकून आधी एक पाय बाहेर काढला, मग दुसरा, आणि दफनाच्या पांढऱ्या झग्यात, अनवाणी, फरशीवर उभी राहिली. कुणीतरी भक्तिभावाने "हालेलुया!" म्हणालं आणि मग ते सगळ्या बाकांवर पसरलं. या बायका आयुष्यभर ज्या चमत्काराची गाणी गात आल्या होत्या, तो अखेर झाला होता, आणि तोही पगारी दिवशी.

"मिस व्हर्डेल, करार आहे!" ब्रूकिन्स म्हणाले. "असं जाता येणार नाही. हे झाकण..."

"लाव ना, थॅडियस." सहा वर्षांत तिने त्यांना पहिल्यांदा नावाने हाक मारली. "ओझ्याला वाळूची पोती भर. आणि खुशाल लाव झाकण. आत कुणी नाही."

ती मधल्या वाटेने चालत दाराकडे निघाली. मुलीकडे तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय थांबले असते. मदर ओडमनी वाटेत तिच्या खांद्यावर आपली शाल टाकली. मागे सहायक ओरडत होता, सगळ्यांनी आपापल्या जागी बसा, पुन्हा रडायचंय.

डेल्फीन पेटीपाशीच उभी होती. सेविकेने रिवाजाप्रमाणे डबा पुढे केला. तिने एक टिश्यू घेतला, थुंकीने ओला केला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढला. टिश्यू बदामी झाला. तिने दुसरा मागितला.